आणखी एक छोटीशी दुरुस्ती

६ जानेवारी

आजपासून मी माझाच मालक. आधीच्या मालकांनी स्टुडिओ विकला. तिथे आता टाइल्सचं दुकान येणार आहे. निरोप देताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या हातात कला आहे." शेवटचा पगार मात्र त्यांच्याच हातात राहिला.

इतकी वर्षं मी व्हिडिओ-संपादक म्हणून लोकांची लग्नं, वाढदिवस आणि कंपन्यांची भाषणं कापत आलो. आता तेच घरी बसून करायचं. स्वयंपाकघरामागची सामानाची खोली रिकामी केली, म्हणजे सामान हॉलमध्ये आणलं. व्यायामाची सायकल तेवढी खोलीत राहिली, कारण तिच्यावर बायकोचे स्वेटर वाळतात.

बायको रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे लोक आधी पैसे भरतात आणि मग हात पुढे करतात. त्यामुळे धंदा या गोष्टीबद्दल तिच्या कल्पना अगदीच भाबड्या आहेत.

"गिऱ्हाईक कोण?" तिने विचारलं.

"येतील."

"कोण येतील?"

"आधी उपकरणं लागतात," मी म्हणालो.

दैनंदिनी लिहायची सूचना तिचीच. "मला सांगण्याऐवजी लिहून काढत जा," म्हणाली. माझ्या लेखनावर तिचा पहिल्यापासून विश्वास आहे.

९ जानेवारी

फ्रीजसाठी साठवलेल्या पैशांतून मॉनिटर घेतला. हे वाक्य आज घरी मोठ्याने म्हणायचं आहे, म्हणून इथे सराव केला.

दुकानात दोन मॉनिटर शेजारी शेजारी ठेवले होते आणि दोन्हींवर एकाच बाळाचा फोटो होता. एकावर बाळ गुलाबी, दुसऱ्यावर कावीळ झाल्यासारखं.

"खरं कुठलं?" मी विचारलं.

"बाळाला तुम्ही पाहिलंय का?" दुकानदार म्हणाला.

"नाही."

"मग परवडेल ते खरं."

पण मी असा हार जाणारा नाही. मॉनिटरने चित्राची खुशामत करता कामा नये. तो पिवळेपणा लपवणारा असेल तर आपल्याला वाटतं सगळं छान आहे, आणि लोकांच्या घरी नवरा-नवरी आजारी दिसतात. म्हणून जो सर्वांत रुक्ष दिसत होता, तो घेतला. सोबत कान पूर्ण झाकणारे हेडफोन. स्पीकर घेतले नाहीत, कारण भिंतीपलीकडचे आजोबा दुपारी झोपतात आणि बाकी वेळ तक्रारी करतात. हेडफोन मात्र अप्रतिम आहेत. कोणी आवंढा गिळला तरी कळतं.

१० जानेवारी

सांगितलं. फ्रीजचं दार नीट लागत नाही, ते दोरीने बांधलं. बायको म्हणाली, "रंग छान आहे." दोरीचा.

१५ जानेवारी

गिऱ्हाईक आलं! कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मी माझी जाहिरात चिकटवली होती, तिचाच हा प्रताप. बायकोला ही बातमी दिली तर "अरे वा" म्हणून ती कांदा चिरत राहिली. तिला जरा जड जातंय माझं यश.

दोघी बहिणी आहेत, साठीच्या पुढेमागे. बायकांना गाडी शिकवण्याची शाळा चालवतात. थोरल्या बाई रस्त्यावर शिकवतात, धाकट्या बाई ऑफिस सांभाळतात. शाळा आता बंद होतेय. जुन्या विद्यार्थिनींचा मेळावा आहे, त्यात दाखवायला छोटी फिल्म हवी. शूटिंग एका विद्यार्थिनीनेच करून दिलंय. योगायोग बघा, माझी बायकोसुद्धा थोरल्या बाईंकडेच गाडी शिकली होती!

एक गोष्ट मात्र चमत्कारिक.

"यांना सांगा, मेळावा दोन मार्चला आहे," थोरल्या बाई मला म्हणाल्या.

यांना म्हणजे हातभर अंतरावर बसलेल्या सख्ख्या बहिणीला. मी सांगितलं.

"त्यांना सांगा, मला माहीत आहे. हॉल मीच ठरवलाय," धाकट्या बाई म्हणाल्या.

तेही सांगितलं. तासभर असंच चाललं. निघताना धाकट्या बाईंनी विचारलं, "पैशांची तुमची पद्धत काय?" अर्धी रक्कम आधी मागायची, असं मी आरशासमोर उभं राहून घोकलं होतं. तोंडातून निघालं, "तुमचं आमचं काय, बघू नंतर."

"तुमचं आमचं काय?" बायको जेवताना म्हणाली. "आजच ओळख झाली ना?"

२३ जानेवारी

फुटेज भरपूर आहे आणि चांगलं आहे. थोरल्या बाई गाडीत कशा बोलतात! "आरसा बघ. अगं, रस्ता दाखवणारा आरसा, तुझी टिकली नव्हे." मी एकटाच हसत होतो. धाकट्या बाई ऑफिसात प्रत्येक नव्या मुलीला पाणी देतात, मग अर्ज देतात, मग घाबरू नकोस म्हणतात. त्यांची उजळणी पाठ झालेली आहे, पण प्रत्येक वेळी नव्याने म्हणतात.

आवाजाची सफाई केली. एका ठिकाणी शूटिंग संपल्यावर थोरल्या बाईंच्या कॉलरचा माइक काढायचा राहिला होता. गाडी उभी, त्या एकट्याच बसलेल्या, आणि हेडफोनमध्ये नाक ओढल्याचे आवाज. भयंकर सर्दी झालेली दिसते. गाडीत एकट्या बसलेल्या बाईंचं ते चित्र छान आहे, म्हणून ठेवलं, आणि सर्दी एक-एक करून काढली. असल्या बारीक कामाची कोणाला कल्पना नसते.

२९ जानेवारी

पहिला खर्डा दाखवला. दोघी एकदम आल्या. खरं तर लिंक पाठवता आली असती, पण त्या म्हणाल्या, "मोठ्या पडद्यावर बघायचं आहे." मॉनिटरचे पैसे वसूल व्हायला लागले म्हणायचे.

आता दुरुस्त्या ऐका. मला वाटलं होतं, माणूस स्वतःला जास्त दाखवा म्हणतो. आजवरचा अनुभव तोच. इथे उलटंच.

"माझं ते चौकातलं बोलणं काढा," थोरल्या बाई म्हणाल्या. "त्या जागी यांचं पाणी देणं घाला. मुली गाडीला घाबरून येतात. यांनी आधी शांत केलं नसतं तर मी शिकवलं कोणाला असतं?"

"त्यांना सांगा, चौकाला हात लावायचा नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. "पाणी कोणीही देतं."

माझा निष्कर्ष असा, की दोघींनाही कॅमेऱ्यात आपण जाड दिसतो असं वाटतंय.

५ फेब्रुवारी

दुसरा खर्डा. चौक ठेवून पाणी वाढवलं. आणखी एक छोटीशी दुरुस्ती निघाली. मग आणखी एक. चहाही झाला दोनदा. आज बायको लवकर आली होती, ती सायकलवर बसून बघत होती. थोरल्या बाईंनी तिला विचारलं, "क्लचवर पाय ठेवून चालवतेस का अजून?" बायको शाळेतल्या मुलीसारखी "नाही हो बाई" म्हणाली. ती ठेवते.

त्या गेल्यावर बायको म्हणाली, "एकाच घरात राहतात दोघी. जेवतात मात्र वेगवेगळ्या वेळी."

"मग तर घरीच निवांत बघता आली असती फिल्म, जिला जेव्हा हवी तेव्हा," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं, फ्रीजचा विषय काढायचा होता.

१२ फेब्रुवारी

तिसरा बुधवार, तिसरा खर्डा. धाकट्या बाईंना शेवटचं संगीत हळू हवं, थोरल्या बाईंना ते संपूच नये असं वाटतं. मी त्यांच्यामध्ये बसून इकडचं तिकडे पोचवतोय. संपादक आहे की टपाल खातं?

स्टुडिओतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ही युक्ती जुनी आहे. फायनल म्हटलं की पैसे द्यावे लागतात, म्हणून लोक फायनल म्हणतच नाहीत." माझे डोळे उघडले. आणि मी त्यांना बिस्किटं देत होतो!

१९ फेब्रुवारी

आज कडक व्हायचं ठरवूनच बसलो होतो. त्या बसल्या-बसल्या सांगून टाकलं, "ही शेवटची फेरी. यानंतर दुरुस्ती नाही."

दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांना भर रस्त्यात गाडीतून उतरवलं.

"म्हणजे संपलं?" थोरल्या बाई म्हणाल्या.

"संपलं."

"बुधवारी यायचं नाही?"

"कशाला त्रास घेता? लिंक पाठवतो. घरी बघा."

"घरी," धाकट्या बाई म्हणाल्या. मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "ते गाडीतलं चित्र, त्या एकट्या बसल्यात ते. तिथे फारच शांत वाटतं. मूळ आवाज काय होता?"

मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्या सफाईबद्दल विचारत होतं. मूळ आवाज लावला, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि समजावून सांगितलं, "थोरल्या बाईंना फार सर्दी झाली होती. शेवटी शेवटी तर खूपच वाढली. सगळी काढली मी."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. थोरल्या बाई सायकलवरच्या स्वेटरकडे बघत होत्या. धाकट्या बाईंनी हेडफोन उतरवले.

"ताईला सर्दी होत नाही," त्या मला म्हणाल्या. "जन्मात झाली नाही." आणि मग, मला मध्ये न घेता, "रडत होतीस?"

"धूळ गेली डोळ्यात."

"काचा बंद आहेत. स्वच्छ दिसतंय इथे."

यावर धाकट्या बाईंचा बांध फुटला. मी मॉनिटरचा उजेड कमी-जास्त करत बसलो, दुसरं काय करणार?

"परदेशी मुलाकडे कायमचं जायचं ठरवलंस," धाकट्या बाई म्हणाल्या. "आधी त्याला कळवलंस. मग सुनेला. मग गाडी विकत घेणाऱ्याला! आणि मला कोणी सांगितलं? रिव्हर्स शिकायला आलेल्या पोरीने!"

"मला तुला सांगणं जमलं नाही."

"जन्मभर रोज बोलतेस माझ्याशी, आणि एवढं जमलं नाही?"

"म्हणूनच जमलं नाही."

धाकट्या बाईंनी पदराने हेडफोन पुसले. माझ्या हातात दिले. दोघी एकत्र उठल्या आणि जिन्यातूनसुद्धा भांडणाचा आवाज येत होता. पलीकडच्या आजोबांनी भिंत ठोकली.

दुरुस्ती काय करायची, हे शेवटी राहूनच गेलं. आणि सर्दी कोणाला कधीच होत नाही, हे शक्य आहे का? बायकोला विचारलं पाहिजे.

२० फेब्रुवारी

विचारलं. तिने चमचा खाली ठेवला.

"अरे, त्या दर बुधवारी दुरुस्त्या करायला येत होत्या का?"

"मग?"

"एका खोलीत बसायला येत होत्या. घरी अबोला. इथे तू होतास मध्ये, म्हणून निदान आवाज तरी ऐकू येत होता एकमेकींचा. फिल्म संपली की थोरल्या बाई जाणार. कोण म्हणेल फायनल?"

मी खूप विचार केला.

"म्हणजे पहिलाच खर्डा चांगला होता?" मी विचारलं.

तिने ताट उचललं आणि गेली. पण नंतर मी एकटाच खोलीत बसून तो तुकडा पुन्हा ऐकला. ती सर्दी नव्हतीच. हे मला त्याच दिवशी ऐकू यायला हवं होतं. एवढे महागडे हेडफोन घेतले मी.

२६ फेब्रुवारी

आल्या! आणि आता सरळ एकमेकींशी बोलतात. माझ्याकडे कोणी बघतही नाही. तासभर त्या भांडल्या, हसल्या, जुन्या विद्यार्थिनींची नक्कल करत बसल्या. बोलता बोलता कळलं, की धाकट्या बाईंना गाडी येत नाही. गाडीच्या शाळेत सगळा जन्म काढला, आणि स्टिअरिंगला हात लावलेला नाही.

"शीक म्हणून किती मागे लागले हिच्या," थोरल्या बाई म्हणाल्या. "म्हणायची, तू आहेस ना."

"होतीस ना," धाकट्या बाई म्हणाल्या. मी घाईघाईने विचारलं, "त्या सर्दीचं काय करू? परत घालू?"

"काही नको," थोरल्या बाई म्हणाल्या. "ज्या माणसाने ते ऐकायचं, त्याने ऐकलं."

मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "फायनल," दोघी म्हणाल्या.

२ मार्च

मेळावा. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसलो. हॉलच्या प्रोजेक्टरने माझ्या सगळ्या रंगांचा सत्यानाश केला. चेहरे हिरवे, गाडी जांभळी, आकाश काहीतरी तिसरंच. फ्रीजच्या बदल्यात घेतलेलं सत्य भिंतीवर आलं तेव्हा शेवाळलेलं होतं. मी डोकं धरून बसलो.

कोणालाच काही वाटलं नाही. टिकलीच्या वाक्याला सगळा हॉल एका सुरात बोलला. प्रत्येकीने ते गाडीत कधी ना कधी ऐकलं होतं. धाकट्या बाई पाण्याचा ग्लास पुढे करतात तिथे मागून कोणीतरी ओरडलं, "घाबरू नकोस!" आणि मग सगळ्याच ओरडल्या. माझी बायकोसुद्धा. मी तिला इतक्या मोठ्याने ओरडताना पहिल्यांदाच ऐकलं. हिरवी दिसत होती तीही, प्रोजेक्टरच्या उजेडात. आणि छान दिसत होती.

नंतर थोरल्या बाई तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "माणूस चांगला सुचवलास हो." कोणाबद्दल होतं कोण जाणे. हॉलच्या केटररबद्दल असेल, वडे छान होते.

५ मार्च

तीन दिवस झाले, पैशांचं नाव नाही. शेवटी मन घट्ट करून धाकट्या बाईंना फोन केला. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग म्हणालो, "ते, म्हणजे, आपलं ते राहिलंय थोडं."

"काय राहिलंय?"

"म्हणजे, पैसे."

"मीच विचारणार होते, बिल कुठे आहे?"

मी बिल दिलेलंच नव्हतं. फेब्रुवारीपासून मी मनातल्या मनात या बाईंना बुडवे ठरवत होतो, आणि बिल दिलेलं नव्हतं!

"बिलाशिवाय मी कोणाला दमडी देत नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. "आणि बिल हातात आलं की संध्याकाळ होऊ देत नाही. घ्या कागद." त्यांनी फोनवरून मला बिल सांगितलं. मी लिहून घेतलं. क्रमांक, तारीख, कामाचं वर्णन. वर्णनात मी "फिल्म संपादन" लिहिलं. त्या म्हणाल्या, "खर्डे किती केले तेही लिहा. सगळ्यांचे लावा. काम आमच्यामुळे वाढलं."

"नको हो, तुमचं आमचं काय."

"आता ओळख झालीये," त्या म्हणाल्या. "म्हणूनच लावा."

संध्याकाळच्या आत पैसे आले. उद्या फ्रीज बघायला जाणार.

९ मार्च

थोरल्या बाई काल गेल्या. त्यांना विमानतळावर बायकोने सोडलं. परत आली तेव्हा डोळे लाल होते. म्हणाली, "आख्खा रस्ता क्लचवरून बोलणी खाल्ली."

१२ मार्च

बुधवार. दारावरची बेल वाजली. धाकट्या बाई एकट्याच. हातात फोन.

"ताईने पाठवलंय," त्या म्हणाल्या. "या एवढ्याशा काचेवर मला नीट दिसत नाही. तुमच्या पडद्यावर लावा. तासाचे काय ते बिल करा."

लावलं. चित्र वाकडं, अर्ध्या चौकटीत थोरल्या बाईंचा अंगठा. त्या मुलाच्या उभ्या गाडीत बसल्या होत्या आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलत होत्या: "धाकटे, वही नको काढूस, नुसतं बघ. हा क्लच. हा ब्रेक. हा ॲक्सिलरेटर, याला तू शेवटी हात, म्हणजे पाय, लावायचास. पुढच्या बुधवारी दुसरा पाठवते. तोवर त्या मुलीच्या गाडीत बसून एवढंच करायचं. तिला मी सांगितलंय."

ती मुलगी म्हणजे माझी बायको. मला हे आजच कळतंय.

मी सवयीने म्हणालो, "अंगठा काढता येईल. सुरुवातीचं खोकणंही."

"काही काढू नका," धाकट्या बाई म्हणाल्या. "परत लावा."

परत लावलं. त्यांचा डावा पाय जमिनीवर हळूच दाबला जात होता आणि सुटत होता.

२६ मार्च

आज धाकट्या बाई उशिरा आल्या. त्यांचा बुधवारचा धडा माझ्या बायकोबरोबर, आमच्याच गाडीत, आमच्याच रस्त्यावर होता. खिडकीतून मी फोनवर शूटिंग केलं, थोरल्या बाईंना पाठवायला. गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि परत येऊन आमच्या दाराशी थांबली. एक चाक फुटपाथवर. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला, तर धाकट्या बाईंनी काच खाली करून त्याला ऐकवलं, "आरसा बघ!" बायकोने हसून डॅशबोर्डवर डोकं टेकलं.

त्या वर आल्या. घामाघूम, चेहरा लालबुंद. पाणी प्यायल्या, मग मॉनिटरसमोर बसून स्वतःला बघत राहिल्या. शेवट आला तशा दचकल्या.

"ते फुटपाथवर चढलेलं कापा," त्या म्हणाल्या. "तेवढंच. बाकी राहू दे."

मी माउस हातात घेतला. तेवढ्यात फोनवर निरोप आला, थोरल्या बाईंचा. तिथे पहाट असणार. लिहिलं होतं: "झालं का? सगळं पाठवा. ती कापायला सांगेल. ऐकू नका."

मी दोघींपैकी कोणाचं ऐकायचं, याचा विचार करत थोडा वेळ थांबलो. बिल धाकट्या बाईंच्या नावाने आहे, पैसे त्याच देतात, आणि समोर त्याच बसल्या होत्या.

"कापलं का?" त्यांनी विचारलं.

"हो, हो," मी म्हणालो, आणि फुटपाथ ठेवला.